प्रवासातील चव आणि महानगर : लंडनमधील हिंदुस्थानी खाद्यपदार्थांचा ऐतिहासिक अभ्यास (१७४७ ते १९२६)

सारांश

परदेशी वास्तव्य करून मायदेशी परतलेला मनुष्य तेथील पदार्थांची चव विसरू शकत नाही आणि आपल्या शहरात ती पुन्हा शोधू लागतो. या शोधातून शहराच्या बाजारपेठेत, भोजनगृहांत आणि घरगुती स्वयंपाकात बदल घडतात. प्रस्तुत शोधनिबंधात ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतून लंडनला परतलेल्या इंग्रजांनी हिंदुस्थानी पदार्थ आपल्या शहरात कसे मिळविले, याचा आढावा घेतला आहे. पदार्थ लंडनला पोहोचला, परंतु तो करणारा हिंदुस्थानी स्वयंपाकी या इतिहासात मागे पडला, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : खाद्यसंस्कृती, लंडन, ईस्ट इंडिया कंपनी, करी पावडर, दीन महंमद, वीरस्वामी

१. प्रस्तावना

अन्न ही मानवाची प्राथमिक गरज आहे. परंतु मानव केवळ भूक भागविण्यासाठी खात नाही. त्याच्या खाण्यामागे सवय, संस्कार, प्रतिष्ठा आणि आठवण या गोष्टीही असतात. म्हणूनच मनुष्य स्थलांतर करतो तेव्हा आपली भाषा व दैवते यांच्याबरोबर आपले खाद्यपदार्थही सोबत नेतो. स्थलांतरितांच्या या खाद्यपरंपरांचा अभ्यास समाजशास्त्र व इतिहास या दोन्ही विद्याशाखांत बऱ्याच प्रमाणात झालेला आहे.

याची दुसरी बाजू मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे. काही लोक परमुलखात जातात, तेथे दहा-वीस वर्षे राहतात आणि मायदेशी परततात. परतल्यानंतर त्यांना परमुलखातील पदार्थ आठवू लागतात. एकेकाळी परका वाटलेला पदार्थ आता आपल्याच शहरात मिळत नाही, याची त्यांना खंत वाटते. मग ते पदार्थ शोधण्याची, करवून घेण्याची आणि विकत घेण्याची धडपड सुरू होते. अठराव्या व एकोणिसाव्या शतकातील लंडन हे या प्रक्रियेचे ठळक उदाहरण होय.

या विषयाचे महत्त्व आपल्या दृष्टीने आणखी एका कारणासाठी आहे. मराठी भाषेत रस्सा, आमटी, कालवण, सार, कढी, हुमण, तिखले असे किती तरी शब्द आहेत आणि यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या पदार्थाचा वाचक आहे. इंग्रजी भाषेत या सर्वांना 'करी' हे एकच नाव मिळाले. दक्षिण भारतीय भाषांमधील 'करी' हा शब्द पोर्तुगीजांच्या मार्गाने युरोपात गेला आणि पुढे संपूर्ण हिंदुस्थानच्या पाकक्रियेला चिकटला. एवढ्या विविधतेचे एका शब्दात रूपांतर का झाले, या प्रश्नाचे उत्तर परतलेल्या इंग्रजांच्या लंडनमधील जीवनात सापडते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) हिंदुस्थानातून परतलेल्या इंग्रजांच्या खाद्यविषयक मागणीचे स्वरूप समजून घेणे.
२) या मागणीमुळे लंडनमध्ये निर्माण झालेल्या भोजनगृहांचा व मसाल्यांच्या व्यापाराचा आढावा घेणे.
३) या प्रक्रियेतील हिंदुस्थानी स्वयंपाकी व सेवक यांच्या स्थानाची चिकित्सा करणे.

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. तत्कालीन पाकशास्त्राची पुस्तके, वृत्तपत्रीय जाहिराती आणि या विषयावरील प्रकाशित लेखन यांचा आधार घेतला आहे. अभ्यासाचा कालखंड १७४७ ते १९२६ असा आहे. १७४७ मध्ये इंग्रजी पाकशास्त्राच्या एका लोकप्रिय पुस्तकात करीची कृती छापली गेली, तर १९२६ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर 'वीरस्वामी' हे भोजनगृह सुरू झाले.

३. परतलेले 'नेबॉब' आणि त्यांची भूक

१७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर आणि १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाल्यानंतर कंपनीच्या नोकरांना संपत्तीचे दार खुले झाले. खाजगी व्यापार, नजराणे आणि लूट यांतून गबर झालेले अनेक इंग्रज मायदेशी परतू लागले. 'नबाब' या शब्दाच्या अपभ्रंशातून त्यांना 'नेबॉब' हे नाव मिळाले. जुन्या सरदार घराण्यांना हे नवश्रीमंत लोक उपरे वाटत. १७७२ मध्ये सॅम्युएल फूट याने 'द नेबॉब' या नाटकातून त्यांची खिल्ली उडविली.

या लोकांनी तारुण्याची उमेदीची वर्षे मद्रास, कलकत्ता किंवा मुंबई येथे काढलेली असत. सतराव्या-अठराव्या वर्षी आलेला तरुण चाळिशीत परते. त्याच्या जिभेचे वळण हिंदुस्थानातच पडलेले असे. हिंदुस्थानात त्याच्या घरी खानसामा, बबर्ची, मसालची असा नोकरांचा ताफा होता. लंडनमध्ये पैसा होता, परंतु तो ताफा नव्हता. म्हणजेच त्याला केवळ पदार्थाची उणीव भासत नव्हती. पदार्थ आपोआप पुढ्यात आणून ठेवणाऱ्या व्यवस्थेचीही उणीव भासत होती. ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय पुढील इतिहासाचा नीट उलगडा होत नाही.

४. छापील पुस्तकातील करी

१७४७ मध्ये हॅना ग्लास या लेखिकेचे 'द आर्ट ऑफ कुकरी मेड प्लेन अँड ईझी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात हिंदुस्थानी पद्धतीने करी करण्याची कृती दिलेली आहे. ग्लास स्वतः कधी हिंदुस्थानात आलेल्या नव्हत्या. पहिल्या आवृत्तीतील कृतीत कोंबडी, कांदा, तांदूळ आणि मसाला म्हणून मिरी व धने एवढेच घटक आढळतात. धने स्वच्छ फावड्यावर ठेवून विस्तवावर भाजावेत, अशी सूचना आहे. तवा किंवा कढई यांऐवजी इंग्रजी शेकोटीजवळचे फावडे हाताशी होते, ते वापरले गेले. हळद व आले यांचा समावेश पुढील आवृत्त्यांत झाला. म्हणजे परतलेल्या लोकांच्या सांगण्यावरून कृती हळूहळू दुरुस्त होत गेली असे अनुमान करता येते.

घरगुती कृतीच्या पाठोपाठ हा पदार्थ बाजारातही आला. १७७३ मध्ये हेमार्केट भागातील नॉरिस स्ट्रीट कॉफी हाउसमध्ये करी उपलब्ध झाली होती. १७८४ मध्ये पिकाडिली येथील सॉर्ली नावाच्या अत्तराच्या वखारीने करी पावडरची जाहिरात दिली. ही पावडर पचनशक्ती वाढविते, रक्ताभिसरण सुधारते, मनाला तरतरी देते आणि वंशवृद्धीलाही उपकारक ठरते, असे दावे त्या जाहिरातीत होते. मसाला अत्तराच्या दुकानात विकला जात होता आणि औषधासारखा वाखाणला जात होता, यावरून तो अद्याप सामान्य किराणा मालात जमा झालेला नव्हता, हे स्पष्ट होते.

५. एक प्रतिउदाहरण : हनुमंतराव यांचा मुक्काम

याच सुमारास उलट दिशेने लंडनला गेलेल्या एका मराठी प्रवाशाची हकिकत या संदर्भात उद्बोधक आहे. पेशवाईच्या गादीसाठी इंग्रजांचे साहाय्य मिळविण्याच्या प्रयत्नात असलेल्या रघुनाथरावाने हनुमंतराव या ब्राह्मण वकिलाला आपल्या पारशी सहकाऱ्यांसह इंग्लंडला पाठविले होते. १७८१ मध्ये ते तेथे होते. सोवळेओवळे सांभाळून स्वतःच्या हाताने स्वयंपाक करता येईल अशी जागा मिळणे त्यांना कठीण झाले. त्या वेळी संसदसदस्य एडमंड बर्क यांनी बीकन्सफील्ड येथील आपल्या निवासस्थानी त्यांची सोय केली आणि बागेतील झाडे जोपासण्यासाठी असलेले काचगृह त्यांच्या उपयोगासाठी दिले.

हनुमंतरावाच्या दृष्टीने पदार्थ कोण करतो, कोणत्या जागेत करतो आणि कोणाच्या स्पर्शाने करतो, हे चवीइतकेच, किंबहुना चवीपेक्षा अधिक महत्त्वाचे होते. नेबॉबच्या लेखी मात्र चव मिळाली की काम झाले. करणारा कोण, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. हनुमंतरावाच्या आग्रहामागे जातिव्यवस्थेचे निर्बंध होते आणि त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. तथापि अन्न आणि ते करणारा हात यांचे नाते एका समाजात किती घट्ट होते आणि दुसऱ्या समाजात ते किती सहज तुटले, हे या दोन उदाहरणांवरून दिसून येते.

६. दीन महंमद आणि हिंदुस्तानी कॉफी हाउस

हे तुटलेले नाते लंडनमध्ये जोडण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न एका हिंदुस्थानी माणसाने केला. शेख दीन महंमद यांचा जन्म १७५९ मध्ये पाटणा येथे झाला. लहान वयातच ते कंपनीच्या बंगाल सैन्याबरोबर राहू लागले. गॉडफ्री इव्हान बेकर या अधिकाऱ्याच्या आश्रयाने ते वाढले आणि त्याच्याबरोबर १७८४ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे गेले. तेथे त्यांनी जेन डेली या आयरिश स्त्रीशी विवाह केला. १७९४ मध्ये त्यांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानी लेखकाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले ते पहिले पुस्तक मानले जाते.

पुढे ते सहकुटुंब लंडनला आले. मद्रासमध्ये रसदपुरवठ्याच्या कामात प्रचंड संपत्ती मिळविलेल्या बेसिल कॉक्रेन या नेबॉबाच्या पोर्टमन स्क्वेअर येथील बाष्पस्नानगृहात त्यांनी काही काळ नोकरी केली. हा परिसर हिंदुस्थानातून परतलेल्या धनिकांच्या वस्तीचा होता. गिऱ्हाईक जवळच आहे, हे ओळखून महंमद यांनी १८१० मध्ये जवळच्याच जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' सुरू केले. तेथे वेताच्या खुर्च्या व कोच होते, भिंतींवर हिंदुस्थानातील दृश्ये रंगविलेली होती, हुक्क्यासाठी चिलमीच्या तंबाखूची व्यवस्था होती आणि हिंदुस्थानी पद्धतीच्या करी वाढल्या जात. आगाऊ सूचना दिल्यास घरपोच जेवण पाठविण्याचीही सोय होती.

महंमद यांच्या १८११ मधील जाहिरातीतील एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. हे भोजनगृह 'इंडियन' गृहस्थांसाठी आहे, असे तीत म्हटले होते. येथे 'इंडियन' याचा अर्थ हिंदुस्थानी मनुष्य असा नसून हिंदुस्थानात राहून आलेला इंग्रज असा आहे. म्हणजे ज्या शहरात पाटण्याचा मनुष्य हिंदुस्थानी जेवण रांधत होता, त्या शहरात 'इंडियन' ही ओळख त्याच्या गिऱ्हाइकाची झाली होती.

खाद्यरसिकांनी या जागेचे कौतुक केले. १८१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एपिक्युअर्स अल्मनॅक' या लंडनमधील भोजनगृहांच्या मार्गदर्शिकेतही तिचा उल्लेख आढळतो. परंतु तोपर्यंत महंमद यांच्या हातून ती गेली होती. १८१२ मध्येच त्यांना दिवाळखोरी पत्करावी लागली होती. भोजनगृह दुसऱ्यांच्या ताब्यात गेले आणि पुढे काही वर्षे चालत राहिले.

या अपयशाची कारणे महत्त्वाची आहेत. महंमद यांच्याजवळ पुरेसे भांडवल नव्हते. जागेच्या सजावटीवर मोठा खर्च झालेला होता. हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्या मंडळींचे बैठकीचे ठिकाण लंडनच्या व्यापारी भागातील जेरुसलेम कॉफी हाउस हे होते आणि ते पोर्टमन स्क्वेअरपासून दूर होते. सर्वांत मुख्य कारण म्हणजे धनाढ्य नेबॉबांना बाहेर जाऊन जेवण्याची गरजच नव्हती. ते हिंदुस्थानातून स्वयंपाकी बरोबर आणू शकत किंवा आपल्या इंग्रज स्वयंपाकिणीकडून हवे ते करवून घेऊ शकत. ज्यांना चव हवी होती त्यांना भोजनगृह नको होते. आणि ज्यांना भोजनगृह चालले असते अशा सामान्य लंडनवासीयांना ती चव अद्याप ठाऊक नव्हती.

१८१३ मध्ये महंमद यांनी वृत्तपत्रात नोकरीसाठी जाहिरात दिली. एखाद्या सद्गृहस्थाच्या घरी बटलर म्हणून काम करण्याची तयारी त्यांनी दर्शविली आणि बाजारहाट व स्वयंपाकघराची व्यवस्था आपणास उत्तम अवगत असल्याचे नमूद केले. भोजनगृहाचा मालक तीन वर्षांच्या आत पुन्हा सेवक होण्यास तयार झाला. पुढे ब्रायटन येथे त्यांनी अंगमर्दन व बाष्पस्नानाचा व्यवसाय उभारला आणि त्यात मोठा लौकिक मिळविला. हिंदीतील 'चंपी'शी नाते सांगणारा 'शॅम्पू' हा शब्द इंग्लंडमध्ये रूढ होण्यास त्यांचा व्यवसाय कारणीभूत ठरला. चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या राजांची सेवा त्यांनी केली. १८५१ मध्ये त्यांचे निधन झाले. २००५ मध्ये वेस्टमिन्स्टर नगरपालिकेने जॉर्ज स्ट्रीटवर त्यांच्या भोजनगृहाची स्मृतिपाटी लावली.

७. ओरिएंटल क्लब : आठवणींचे सामाजिक केंद्र

महंमद यांच्या भोजनगृहाला जे साधले नाही ते एका क्लबला साधले. पूर्वेकडील देशांत सेवा केलेल्या गृहस्थांसाठी १८२४ मध्ये लंडनमध्ये ओरिएंटल क्लबची स्थापना झाली. तिच्या पुढाकारात सर जॉन माल्कम हे प्रमुख होते आणि अध्यक्षपद ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांना देण्यात आले. ही दोन्ही नावे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास परिचित आहेत. वेलिंग्टन म्हणजेच आर्थर वेलस्ली यांनी १८०३ मध्ये असई येथे मराठी फौजांचा पराभव केला होता. माल्कम हे १८१७ च्या महिदपूरच्या लढाईत होते आणि १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने त्यांच्याकडेच शरणागती पत्करली. पुढे १८२७ ते १८३० या काळात ते मुंबईचे गव्हर्नर झाले.

मराठी सत्तेचा शेवट करणाऱ्या पिढीचे लंडनमधील एक बैठकीचे स्थान म्हणून या क्लबकडे पाहता येते. तेथे सभासदांना हिंदुस्थानच्या गप्पांबरोबर हिंदुस्थानी पदार्थही मिळत. या क्लबचे मुख्य स्वयंपाकी रिचर्ड टेरी यांनी १८६१ मध्ये 'इंडियन कुकरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले. हिंदुस्थानी पाकक्रियेचे ज्ञान आता इंग्रज स्वयंपाक्याच्या नावावर जमा होऊ लागले होते.

८. पाटा-वरवंट्याकडून डब्याकडे

भोजनगृह व क्लब यांची पोहोच मर्यादित होती. मध्यमवर्गीय घरापर्यंत ही चव पोहोचविण्याचे कार्य करी पावडरने केले. हिंदुस्थानातील स्वयंपाकघरात मसाला पदार्थागणिक बदलतो. माशाचे वाटण वेगळे, उसळीचे वेगळे. मराठी घरातही गोडा मसाला, काळा मसाला, मालवणी मसाला यांचे उपयोग ठरलेले असतात आणि ओले वाटण तर रोजचे रोज पाट्यावर करावे लागे. यासाठी अनुभव लागतो. 'हाताला चव असणे' हा आपल्याकडील वाक्प्रचार याच अनुभवाची साक्ष देतो. ही हाताची चव जहाजातून नेता येण्यासारखी नव्हती. कोरडी पूड मात्र नेता येत होती.

१८१७ मध्ये डॉ. विल्यम किचनर यांच्या 'द कुक्स ऑरेकल' या पुस्तकात करी पावडरची कृती आली. १८२० ते १८४० या वीस वर्षांत ब्रिटनमधील हळदीची आयात जवळजवळ तिपटीने वाढली. १८४५ मध्ये एलायझा ॲक्टन यांनी आपल्या पुस्तकात करीसाठी स्वतंत्र प्रकरण योजले. त्यांनी दिलेल्या एका मसाल्यात हळदीचे प्रमाण धन्यांच्या दुप्पट आहे. आपल्याकडील कोणत्याही गृहिणीस हे प्रमाण विचित्र वाटेल, कारण इतक्या हळदीने पदार्थ कडवट होतो. परंतु लंडनमध्ये पिवळा रंग हीच करीची ओळख झाली होती. चिंचेऐवजी लिंबू, कैरीऐवजी आंबट सफरचंद असे पर्यायही रूढ झाले. खिचडीचे रूपांतर मासे व उकडलेली अंडी घातलेल्या 'केजरी'त झाले, तर तमिळ 'मिळगु तण्णीर' म्हणजे मिऱ्याचे पाणी, ते 'मलिगटॉनी' सूप बनून इंग्रजी जेवणाच्या प्रारंभी येऊ लागले. १८४७-४८ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'व्हॅनिटी फेअर' या कादंबरीत कलकत्त्यात जन्मलेल्या थॅकरे यांनी करीवर ताव मारणारा, हिंदुस्थानातून परतलेला कलेक्टर रंगविला. वाचकांना ही व्यक्तिरेखा ओळखीची वाटावी, इतका हा प्रकार तोपर्यंत सर्वपरिचित झाला होता.

१८६१ मधील मिसेस बीटन यांचे गृहव्यवस्थापनावरील पुस्तक या प्रक्रियेचा कळस म्हणता येईल. त्यांनी करी पावडरची कृती दिली. तीत धने, हळद व मेथी यांच्याबरोबर मोहरी आणि वेस्ट इंडीजमधील ऑलस्पाइस यांचाही समावेश आहे. कृती दिल्यावर त्यांनी असाही सल्ला दिला की, चांगल्या दुकानातून विकत घेतलेली पावडर सामान्यतः घरच्यापेक्षा सरस असते आणि बऱ्याचदा स्वस्तही पडते. मसाला करणारा हात आता पुस्तकाच्याच सल्ल्याने अनावश्यक ठरला.

बाजारी मसाल्यावरील हा विश्वास नेहमीच सार्थ होता असे नाही. १८५१ ते १८५४ या काळात डॉ. आर्थर हिल हॅसॉल यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकासाठी लंडनमधील खाद्यपदार्थांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. तिखट व करी पावडर यांच्या काही नमुन्यांत रंगासाठी मिसळलेला शेंदूर, म्हणजे शिशाचे विषारी संयुग, आढळून आले. या चौकशीची परिणती १८६० च्या भेसळविरोधी कायद्यात झाली. जेथे गिऱ्हाइकाला अस्सल चव ठाऊक नसते, तेथे फसवणुकीस अधिक वाव मिळतो, हे यावरून दिसते.

'हिंदुस्थानातून आणलेली कृती' या शब्दांना बाजारात किती किंमत होती, याचे उदाहरण वूस्टरशायर सॉसच्या आख्यायिकेत मिळते. बंगालचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड सँडिस यांनी परतल्यावर आठवणीतील सॉस करून मागितला आणि त्यातून लिया व पेरिन्स यांचा सॉस निर्माण झाला, असे दीर्घकाळ सांगितले गेले. प्रत्यक्षात या नावाचा कोणीही गृहस्थ बंगालचा गव्हर्नर झालेला नाही. परतलेल्या अधिकाऱ्याची आठवण हीच अस्सलपणाची हमी मानली जात होती. त्यामुळे आठवण नसेल तेथे ती रचली गेली.

याच काळात हिंदुस्थानातील इंग्रजांच्या घरी वेगळेच चित्र दिसत होते. मद्रासचे लष्करी अधिकारी केनी-हर्बर्ट यांनी १८७८ च्या आपल्या पुस्तकात, मेजवान्यांतून करीचे पूर्वीचे स्थान गेल्याचे नमूद केले आहे. फ्रेंच पदार्थ प्रतिष्ठेचे झाले होते. १८५७ नंतर राज्यकर्ते व प्रजा यांच्यातील अंतर वाढले आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मायदेश जवळ आला. लंडनमध्ये करी घरगुती होत असताना हिंदुस्थानातील साहेब तिला मेजवानीच्या मेजावरून दूर सारत होता, हा विरोधाभास उल्लेखनीय आहे.

९. विस्मृतीत गेलेले हात

या काळात हिंदुस्थानी माणसे लंडनमध्ये नव्हती, असे नाही. जहाजांवरील खलाशी म्हणजे लष्कर, इंग्रज कुटुंबांची मुले सांभाळत समुद्रप्रवास करणाऱ्या आया आणि घरगुती नोकर मोठ्या संख्येने तेथे पोहोचत. त्यांतील अनेकांना काम संपताच वाऱ्यावर सोडले जाई. खलाशांच्या हालअपेष्टांमुळे १८५७ मध्ये लाइमहाउस येथे आशियाई लोकांसाठी आश्रयगृह उघडावे लागले. निराधार आयांसाठी ऑल्डगेट येथे निवासस्थान होते, ते १९०० मध्ये हॅकनी येथे हलविण्यात आले. हॅकनीतील त्या इमारतीवर २०२२ मध्ये स्मृतिपाटी बसविण्यात आली.

ज्यांच्या हाताची चव लंडनचे साहेब शोधत होते, त्यांचेच देशबांधव त्याच शहराच्या गोदी भागात परतीच्या जहाजाची वाट पाहत होते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पाकशास्त्राच्या पुस्तकांत कृती सांगणारे कर्नल, कॅप्टन किंवा त्यांच्या पत्नी यांचे उल्लेख येतात. मूळ कृती करणाऱ्या बबर्चीचे नाव मात्र सहसा येत नाही.

याला एक अपवाद राजवाड्यातील आहे. १८८७ मध्ये महाराणी व्हिक्टोरियाच्या सेवेत अब्दुल करीम व महंमद बक्ष हे सेवक दाखल झाले. त्यानंतर राजवाड्याच्या स्वयंपाकघरात हिंदुस्थानी सेवक करी करू लागले आणि त्यासाठी मसाले स्वतः वाटू लागले. तयार पावडर त्यांनी स्वीकारली नाही. स्वतः कधीही हिंदुस्थानात न आलेल्या महाराणीला जी चव मिळाली, ती हिंदुस्थानात आयुष्य घालविलेल्या सामान्य निवृत्त अधिकाऱ्यास मिळत नव्हती. कारण हात ठेवण्याची ऐपत तिच्याजवळ होती.

१०. वेम्बली ते वीरस्वामी

विसाव्या शतकाच्या प्रारंभी पुन्हा भोजनगृहाचा मार्ग खुला झाला. हैदराबादशी संबंधित असलेल्या एडवर्ड पामर यांनी १८९६ मध्ये मसाले, चटण्या व करी पेस्ट आयात करणारी वीरस्वामी ही कंपनी स्थापन केली होती. १९२४ मध्ये वेम्बली येथे ब्रिटिश साम्राज्याचे प्रदर्शन भरले, तेव्हा तेथील हिंदुस्थानी उपाहारगृहाचे काम पामर यांच्याकडे होते. त्या यशानंतर १९२६ मध्ये त्यांनी रीजंट स्ट्रीटवर 'वीरस्वामी' हे भोजनगृह सुरू केले.

पामर यांचे पणजोबा जनरल विल्यम पामर हे पेशव्यांच्या दरबारात पुणे येथे इंग्रजांचे रेसिडेंट होते. १८०० मध्ये नाना फडणविसांचे निधन झाले तेव्हा मराठी राज्यातील शहाणपण संपले, अशा आशयाचा अभिप्राय त्यांनीच नोंदविला होता. त्यांची पत्नी फैज बक्ष ही हिंदुस्थानी मुसलमान घराण्यातील होती. अशा मिश्र घराण्याच्या वंशजाने लंडनमध्ये हिंदुस्थानी नावाने भोजनगृह चालवावे, यात दोन शतकांच्या संबंधांचा सारांश आला आहे. तेथील गिऱ्हाइकांत निवृत्त अधिकाऱ्यांचा भरणा होता. सेवक हिंदुस्थानी पोशाखात अदबीने वाढत. साहेबाला हवी असलेली करी आणि तिच्यासोबतचा जुना थाट, या दोन्ही गोष्टी येथे एका बैठकीत विकत मिळत होत्या. महंमद यांना ११६ वर्षांपूर्वी जे जमले नव्हते ते पामर यांना जमले, कारण भांडवल, मसाल्याचा पुरवठा आणि चवीची ओळख असलेला ग्राहकवर्ग या तिन्ही गोष्टी तोवर तयार झाल्या होत्या. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात सिल्हेटकडील खलाशी व त्यांचे आप्त यांनी ब्रिटनभर भोजनगृहे उभारली. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

११. निष्कर्ष

१) लंडनमधील हिंदुस्थानी पदार्थांच्या मागणीचा प्रारंभ स्थलांतरित हिंदुस्थानी लोकांपेक्षा परतलेल्या इंग्रजांमुळे झाला.
२) ही मागणी चवीबरोबरच गमावलेल्या सत्तेची व सेवेची होती. त्यामुळे भोजनगृहापेक्षा क्लब व घर येथे ती अधिक रुजली.
३) करी पावडरमुळे चव सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली, परंतु त्यासाठी प्रादेशिक विविधतेची किंमत मोजावी लागली. अनेक पदार्थांचे एका 'करी'त विलीनीकरण होण्यामागे हे प्रमुख कारण दिसते.
४) पदार्थाला मान्यता मिळाली म्हणून तो करणाऱ्याला मान्यता मिळतेच असे नाही. दीन महंमद यांची दिवाळखोरी आणि आयांची आश्रयगृहे ही याची उदाहरणे होत.

१२. समारोप

२००१ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा खऱ्या अर्थाने ब्रिटनचा राष्ट्रीय पदार्थ असल्याचे म्हटले होते. परका पदार्थ आपला होण्याचा हा मोठाच गौरव आहे. हा अनुभव केवळ लंडनचा नाही. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात आली आणि आज तिच्यावाचून मराठी ताट पूर्ण होत नाही. बटाट्याचेही तसेच आहे. परंतु मिरची आपल्या परसात रुजली, आपल्या हातांनी ती वाटली आणि तिची मूळ ओळख कोणाच्या आठवणीतही उरली नाही. लंडनची करी मात्र आठवणीतून जन्मली आणि जिची आठवण ठेवायची ती व्यक्ती त्या आठवणीतून गळून गेली. खाद्यसंस्कृतीच्या इतिहासलेखनात पदार्थाच्या नावाइतकेच महत्त्व तो करणाऱ्याच्या नावाला दिले जावे आणि नाव सापडत नसेल तेथे त्या अभावाची नोंद तरी केली जावी, अशी अपेक्षा या निमित्ताने व्यक्त करावीशी वाटते.